धानोऱ्याची वाट आणि फीची पावती



मृगाच्या आठवड्यात गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणारी सकाळची एस.टी. तुम्ही कधी पाहिली आहे काय? अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. वाट पूर्वेला धानोरा, मुरूमगाव करीत पुढे छत्तीसगडात उतरणारी. गडचिरोलीची घरे मागे पडली की दोन्ही अंगांनी जंगल लागते. मोह, ऐन, तेंदू, मध्येच साग, आणि बांबूची बेटे. जंगल जरा मागे सरले की धानाच्या बांध्या दिसतात आणि त्यांच्या डोक्याशी एखादी बोडी. पहिला पाऊस झालेला असला तर पऱ्हे टाकण्यासाठी माणसे बांधीत उतरलेली असतात.

गेल्या मृगात मी या गाडीने चाललो होतो. गाडीत नेहमीचीच माणसे आणि नेहमीचीच ओझी. कोणाच्या मांडीवर धानाच्या बियाण्याची पिशवी, तर कोणाच्या मांडीवर पुठ्ठ्यात जपून ठेवलेले कागद : शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. शेतकऱ्याच्या घरी जून महिन्यात पेरणी आणि पोरांचे प्रवेश एकाच पंधरवड्यात येतात, आणि पैशाची पिशवी मात्र एकच असते, तीही बहुधा रिकामी.

माझ्या पुढच्या बाकावर दोघे गृहस्थ बसले होते. एकाचा मुलगा बारावी झालेला, दुसऱ्याची मुलगी. बोलता बोलता दोघांचे जुंपले.

"पोरगा आपला ना जी? मंग शिकवाचा बी आपनच. सरकारच्या तोंडाकडे पायत बसलं त पोरगा म्हातारा होईल," पहिले म्हणाले.

"तुमचं चार एकर धान पिकते म्हनून तुमी बोलता. माह्याकडं दीड एकर. मी कोठून भरू? सरकार फी देतो म्हनते, त घ्याले लाज कायची?"

आजूबाजूच्यांनी दोन्ही बाजू उचलून धरल्या. कंडक्टरनेही तिकिटे फाडता फाडता आपले मत दिले. मग कोणीतरी मला ओळखले. पंचायत समितीचा कृषीचा विस्तार अधिकारी या नात्याने या तालुक्यात माझी काही वर्षे गेली आहेत. "साहेबांना विचारा," असे झाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे माना वळवल्या.

मी काही बोललो नाही. खिडकीबाहेर पाहिले आणि पाऊस बरा दिसतो असे काहीतरी पुटपुटलो. बोलका माणूस एकाएकी गप्प का झाला, हे त्या मंडळींना कळले नसेल. ते तुम्हांला सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. धानोऱ्यापासून आत दहा-बारा किलोमीटरवर एक गाव आहे. गावाचे नाव लिहीत नाही; तेथील माणसांना ते आवडणार नाही. त्या गावात मी धानाच्या प्रात्यक्षिकासाठी जात असे. तेथील एका गोंड शेतकऱ्याची मुलगी बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. परिचारिका होण्याचे तिच्या मनात होते आणि एका शहरातल्या खाजगी महाविद्यालयात तिचा नंबरही लागला. बापाने मला बांधावर विचारले, "साहेब, फीचं कसं?"

मी म्हणालो, "आदिवासी मुलांची फी सरकार भरते. तुम्ही निश्चिंत राहा आणि मुलीला पोहोचवून या."

नियमाने पाहाल तर मी चूक सांगितले नव्हते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही योजना जुनी आहे आणि तिच्यात फी बसते. पण प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयाने सांगितले की आधी पंचवीस हजार भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. शिवाय गणवेश, पुस्तके, खोली, खाणावळ. त्यातच बापाच्या जुन्या शाळेच्या दाखल्यात आडनाव एका तऱ्हेने लिहिलेले आणि मुलीच्या दाखल्यात दुसऱ्या तऱ्हेने. त्यामुळे जातवैधतेचे प्रकरण अडकले. शिष्यवृत्ती त्या वर्षी आली नाही, पुढच्या वर्षीही अर्धे वर्ष उलटून गेल्यावर आली.

जुलै महिन्यात मी त्या गावी गेलो, तेव्हा गोठा रिकामा होता. त्याने बैलजोडी विकली होती. विकली तीही रोवणीच्या तोंडावर, जेव्हा घेणाऱ्याला गरज कळते आणि भाव पडतो. चिखलणीसाठी भाड्याचा ट्रॅक्टर मिळायला पंधरा-वीस दिवस गेले. आपण सारे जाणतो की धानाचे रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे असताना रोवले तर फुटवे चांगले येतात. त्याचे पऱ्हे दीड महिन्याचे होऊन गेले होते. त्या वर्षी त्याच्या बांधीत जे पिकले ते मी पाहिले आहे. दुसऱ्या वर्षी दिवाळीला मुलगी सुटीत घरी आली ती परत गेली नाही. खाणावळीचे चार महिन्यांचे पैसे थकले होते आणि आता बापाजवळ विकायला काही उरले नव्हते.

मला त्या गृहस्थाने एक शब्द वाकडा बोलून दाखवला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, तुमी खोटं नाई सांगतलं. फक्त पैसे कधी येतीन, ते नाई सांगतलं."

वाचकहो, हे वाक्य मी विसरलो नाही. ते आठवले की 'सरकारने भरावे की आपण भरावे' या वादात तोंड घालण्याचे धैर्य होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुमचे स्वतःचे शिक्षण कसे झाले ते सांगा. सांगतो, कारण ते हिशेबात धरले पाहिजे. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानकरी कुटुंबातला. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकलो. ते महाविद्यालय १९०६ सालचे, सरकारी पैशाने उभे राहिलेले. फी अगदी थोडी होती आणि तीही आर्थिक मागासांच्या सवलतीत माफ झाली. म्हणजे माझी पदवी सरकारने दिली. पण दर महिन्याच्या खाणावळीचे पैसे आईने दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी-कापणी करून पाठवले. पदवीनंतर नोकरी मिळाली तीही सरकारची. अशा माणसाने गावकऱ्यांना स्वावलंबनावर व्याख्यान द्यावे हे शोभत नाही. आणि 'सारे काही सरकार करते' असेही मला म्हणता येत नाही, कारण मग आईच्या हाताला पडलेल्या चिखल्या कोणत्या खात्यात लिहायच्या?

असो. गाडी पुढे चालली होती. धानोरा तीनेक किलोमीटर राहिले असता लेखा नावाचे गाव लागते. तेथून आत कठाणी नदीच्या बाजूला मेंढा. दोन्ही मिळून मेंढा-लेखा असे नाव वर्तमानपत्रांतून तुमच्या वाचनात आले असेल. मला काम धानोऱ्यात होते, तरी त्या दिवशी मी लेखाला उतरलो आणि मेंढ्याकडे चालू लागलो. गाडीतला वाद डोक्यात घोळत होता, आणि या वादाचे एक निराळे उत्तर ज्या गावाने दिले ते गाव एवढ्या जवळ असताना पुढे निघून जाणे बरे वाटले नाही.

मेंढा हे पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड गाव. बाहेरून पाहिले तर आसपासच्या खेड्यांसारखेच : कौलारू घरे, परसात मोह, अंगणे सारवलेली. नाव झाले ते त्याच्या कारभारामुळे. जमीनदारी गेल्यावर या भागातले जंगल सरकारच्या वनखात्याकडे आले. ज्या जंगलातून घरासाठी फाटा आणि खाण्यासाठी कंदमुळे पिढ्यान्पिढ्या आणली, तेथेच जायला माणसे बिचकू लागली. दुसरीकडे कागद कारखान्याला बांबू तोडण्याचा करार मिळालेला. ऐंशीच्या दशकात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन या जिल्ह्यात उभे राहिले, त्यात मेंढ्याचे देवाजी तोफा यांच्यासारखे तरुण होते. पुढे 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ मिळाली. गावाने अभ्यासगट सुरू केला. कायदा काय म्हणतो, जंगलात काय उरले आहे, आपण काय चुकतो, हे बसून समजून घ्यायचे. निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचे. दारूचा प्रश्न त्यांनी असाच बसून सोडवला. त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल : 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.'

ही घोषणा मी पूर्वी पुष्कळदा ऐकली होती, पण तिच्यात 'आमचे' हा शब्द दोन्हीकडे आहे हे त्या दिवशी वाटेने चालताना प्रथमच ध्यानात आले. मेंढ्याने दिल्ली-मुंबईचे सरकार नाकारलेले नाही. उलट २००६ सालचा वनहक्क कायदा होताच त्याखाली दावा केला, आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत मेंढा आहे. पण हक्क मिळाला म्हणून काम संपले नाही. कायद्यात बांबू हे गौण वनउपज म्हणून स्पष्ट लिहिलेले असूनही तो गवत की झाड, यावर घोळ चालू राहिला आणि वाहतुकीचे परवाने गावाला मिळेनात. गाव हटले नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर बांबूची तोड, मजुरी, विक्री, सारे ग्रामसभेने पाहिले. २०१३ साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला.

मला आज सांगायचे आहे ते मात्र याच्याही आधीच्या एका लहानशा पद्धतीबद्दल. मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायचा, अशी पद्धत या गावाने पाडली. मजुराने, बरे का! ज्याच्याजवळ उद्याची मजुरी उद्याच मिळणार, त्याने. अडल्यानडल्याला सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून. विनोबाजींच्या ग्रामदानातही पिकाचा चाळिसावा आणि मजुरीचा तिसावा हिस्सा गावासाठी काढण्याची कल्पना होती. पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघर मुष्टिफंड गोळा केला, त्यात जात्यावर बसलेली बाई दळणातले मूठभर धान्य बाजूला काढून ठेवी. त्या मुठीवर किती पोरे शिकली! आणि ती पोरे नुसती बसून खात नव्हती. शेतात, बागेत राबून शिकत होती.

म्हणजे बाप आणि सरकार यांच्या मध्ये गाव नावाची एक तिसरी थैली असते. गाडीतल्या वादात तिचे नाव कोणी काढले नाही. मलाही इतकी वर्षे ती सुचली नव्हती.

तुम्हांला वाटेल, साहेब एका आदर्श गावाची गोष्ट सांगून मोकळे होत आहेत. तसे नाही. मेंढ्याजवळ जंगल आहे, तुमच्या गावाजवळ नसेल. त्यांच्यात एकोपा आहे, तुमच्याकडे दोन पार्ट्या असतील. शिवाय तेथेही सगळे गोड आहे असे मी म्हणत नाही. रोज बैठक घेणारे गाव दमतेही. पण आधी घरच्या हिशेबाकडे पाहू.

गाडीतल्या दुसऱ्या गृहस्थाची जमीन दीड एकर. एकरी दहा क्विंटल धान पिकले असे धरू. पाऊस वेळेवर आला तर पिकतेही. म्हणजे पंधरा क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. सगळे विकले तर पस्तीस हजार पाचशे. त्यातून नांगरणी, चिखलणी, रोवणी, खत, कापणी, मळणी वजा करा. अर्धे उरले तरी नशीब. आणि सगळे विकता येते काय? एक क्विंटल धानाचा पासष्ट किलोच्या आसपास तांदूळ निघतो. घरात पाच तोंडे असली तर रेशनचा तांदूळ जमेस धरूनही बरेचसे धान घरीच लागते. आता शहरात शिकणाऱ्या एका पोराची खाणावळ महिन्याला तीन हजार म्हटली तर दहा महिन्यांचे तीस हजार झाले. फी अजून मोजलीच नाही. तेव्हा 'पोर आपले, आपणच शिकवावे' हे चार एकरवाल्यालाही जड जाते आणि दीड एकरवाल्याला सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे.

मग सरकारची मदत घ्यायला लाज कसली? ही भीक नव्हे. आपल्या महाराष्ट्रात रोजगार हमी योजना कशी आली ते आठवा. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ साली तिचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तिचे महत्त्व सर्वांना पटले, १९७७ साली कायदा झाला. तिचा पैसा कोठून आला? शहरातल्या नोकरदारांच्या आणि धंदेवाल्यांच्या व्यवसाय करातून, आणि तितकाच सरकारी तिजोरीतून. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रुपयावर माणच्या किंवा बीडच्या शेतमजुराने खडी फोडली आणि पोरे जगवली. हाही एक मोठा मुष्टिफंडच. पुढे २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तो याच अनुभवावर. तुम्ही खताच्या पोत्यावर, डिझेलवर, मीठ सोडून दुकानातल्या बहुतेक जिनसांवर कर भरता. तेव्हा फीमाफी मागताना मान खाली घालू नका.

मान वर ठेवा, पण डोळेही उघडे ठेवा. माझ्या चुकीतून शिकलो ते येथे स्पष्ट लिहितो. सरकारची मदत फीपुरती असते आणि ती उशिरा येते. फी मागतात जुलै-ऑगस्टमध्ये. धानाचे चुकारे मिळतात हिवाळ्यात, कधी त्याच्याही पुढे. तेंदूची मजुरी मे-जूनमध्ये हाती येते आणि बियाण्यात जाते. शिष्यवृत्तीच्या तारखेचा भरवसा नाही. या मधल्या चार-सहा महिन्यांच्या खड्ड्यात बैलजोडी जाते, नाही तर जमीन जाते. तो खड्डा कसा भरायचा, याचा विचार पोर दहावीत असतानाच करावा लागतो.

कागदांचे म्हणाल तर जातवैधतेचे प्रकरण अकरावी-बारावीतच मार्गी लावा आणि आजोबांच्या, बापाच्या, पोराच्या दाखल्यांतले आडनाव एकच आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहा. एका वेलांटीने वर्ष जाते हे मी पाहिले आहे. मुलगी असेल तर हेही लक्षात ठेवा, की २०२४-२५ सालापासून इतर मागासवर्ग, मराठा समाजाचा प्रवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक यांतल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून झाला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून घेतलात तर माफी नाही, आणि हे प्रवेश देताना कोणी आपण होऊन सांगत नाही. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. पंजाबरावांनी स्वतः अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले होते; खेड्यातले पोर अडते ते खाणावळीपाशी, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते.

तरीही कमी पडले तर बँकेचे शैक्षणिक कर्ज काढा. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे; शाखेतला माणूस मागू लागला तर लेखी मागा म्हणावे. सर्वसाधारणपणे शिक्षण पुरे होऊन एक वर्ष होईपर्यंत हप्ते सुरू होत नाहीत, मात्र व्याज चढत असते. ते कर्ज पोराच्या नावावर असते आणि ते फेडणे ही पोराची जबाबदारी. ही गोष्ट पोराला पहिल्याच दिवशी सांगावी. बाप राबतो, सरकार फी भरते आणि चिरंजीव चौकात मोबाइल घेऊन बसले आहेत, असेही मी डझनावारी पाहिले. त्यांच्यासाठी बैलजोडी विकू नका. शेळी विका, फार तर.

नोकरीचे मात्र वेगळे. धानोऱ्याच्या रस्त्यावर पहाटे गेलात तर पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरा-पोरींचे थवे दिसतील. दव पडलेले असते, थंडी असते, ही पोरे धावत असतात. त्यांना पाहून ऊर भरून येतो आणि पोटात गोळाही येतो, कारण जागा मोजक्या. सुरजागडच्या लोहखाणीत आणि कोनसरीच्या कारखान्यात नवे काम निघाले आहे, तेही सर्वांना पुरणार नाही. अनुसूचित क्षेत्रात काही पदे स्थानिक आदिवासींसाठी राखीव झाली. त्यावरून याच गावांतल्या बिगर-आदिवासी गरीब घरांच्या मनात सल आहे, आणि तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. दोघांच्याही बांध्या सारख्याच कोरड्या असतात.

या घाईवर दलाल जगतात. 'लावून देतो' म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. माझ्या माहितीतल्या एका घराने शिपायाच्या जागेसाठी रस्त्यालगतची दोन एकर बांधी विकून पैसे दिले. जागा मंजूरच झाली नव्हती. पैसे मागायला गेले तर पावती कोठे म्हणाला. अशा पैशाची पावती कोण देतो? मुलगा आज त्याच बांधीत, आता दुसऱ्याच्या झालेल्या, रोवणीला जातो. फीसाठी कर्ज काढावे लागले तर काढा, त्याची पावती मिळते. नोकरीसाठी हातावर ठेवायचा एक रुपयाही काढू नका. जेथे पावती नाही तेथे शेतकऱ्याने पैसा देऊ नये, हे बियाण्याच्या बाबतीत मी आयुष्यभर सांगत आलो; पोरांच्या बाबतीतही तेच.

मेंढ्याहून मी दुपारी धानोऱ्याला पोहोचलो, काम उरकले आणि दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर त्या आतल्या गावी गेलो. तेथे जायला मी नाही म्हटले तरी टाळत असे. त्या गावालाही आता सामूहिक वनहक्क मिळालेला आहे आणि तेंदूचा लिलाव ग्रामसभाच करते. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, असा हिशेब. त्या दिवशी सभा होती. विषय मला माहीत नव्हता. मी मागे जाऊन बसलो.

विषय निघाला तो फीचाच. तेंदूच्या पैशातून काही रक्कम बाजूला ठेवावी, पोरांना प्रवेशाच्या वेळी उचल द्यावी आणि शिष्यवृत्ती किंवा चुकारे आले की परत घ्यावी, अशी सूचना होती. एक म्हातारे उठले. "दुसऱ्याच्या पोराच्या फीले आमच्या तेंदूचे पैसे कायले?" माझ्या घरी शिकणारे कोणी नाही, मला काय मिळणार, हा त्यांचा सवाल. सवाल रास्त होता. त्यावर तासभर गेला. पोर शिकून गावाला विसरले तर? पैसे परत केलेच नाहीत तर? दोन घरे बिगर-आदिवासींची, त्यांना द्यायचे की नाही? या शेवटच्या प्रश्नावर आवाज चढले. शेवटी ठरले की तेंदू तोडायला जे घर येते त्या प्रत्येक घराला हक्क. परत न करणाऱ्या घराला पुढे उचल नाही. आणि ज्यांच्या घरी शिकणारे नाही त्यांना दुखण्याखुपण्यासाठी त्याच पैशातून उचल मिळावी. म्हातारे यावर खाली बसले, पण अगदी खुशीने बसले असे वाटले नाही.

नोंदवही लिहायला एक बाई बसली होती. मी ओळखली नाही. ती तीच मुलगी. लग्न त्याच गावात झाले, पदरात एक मूल आहे. बारावी विज्ञान शिकलेली म्हणून ग्रामसभेने तेंदूचा हिशेब तिच्याकडे दिलेला. अक्षर स्वच्छ, रकाने पट्टीने आखलेले. पहिली उचल तिच्याच धाकट्या भावाची होती. त्याचा कृषी पदविकेला नंबर लागला आहे. बाप कोपऱ्यात बसला होता. मला पाहून त्याने नुसता हात जोडला. गोठ्यात आता पुन्हा जोडी आहे, असे नंतर कळले.

सभा उठल्यावर मी तिच्याजवळ गेलो. काय बोलावे ते सुचेना. अभ्यास पुढे चालू ठेवायला हवा होता, असे काहीतरी म्हणालो आणि म्हणताच जीभ चावली. ती काही बोलली नाही. नोंदवही माझ्याकडे वळवून तिने बोट ठेवले. उचल घेणाऱ्याचे नाव, रक्कम, परतफेड कशातून, साक्षीदार.

"साक्षीदार म्हनून सही करा, साहेब," ती म्हणाली. मी खिशातून पेन काढून सही केली. वही परत सरकवली तर तिने ती पुन्हा माझ्यापुढे केली.

"तारीख टाका," ती म्हणाली.